कफ्फारा कुणी द्यायचा?

"एकाच्या पापासाठी दुसऱ्याला सुळावर चढवायचं, हा कुठला न्याय?" एवढ्या एका वाक्यात ख्रिस्ती धर्माचा निकाल लावणारे व्हिडिओ आपल्या तरुणांच्या मोबाइलवर सतत फिरत असतात. ख्रिस्ती प्रायश्चित्ताचा सिद्धांत मलाही मान्य नाही. पण ग्रंथधारकांशी वाद घालायचा तर उत्तम रीतीनेच घाला, अशी सूरह अनकबूतची शिकवण आहे. समोरच्याचं म्हणणं नीट समजून घेतल्याशिवाय उत्तम रीत साधत नाही.

म्हणणं असं आहे. तौरातच्या व्यवस्थेत याजकपण ह. हारून (अ.) यांच्या वंशाकडे होतं. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक बळीचं रक्त घेऊन परमपवित्रस्थानात जाई. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि वेदी थांबली. यहुद्यांनी प्रार्थना, तौबा आणि दानधर्माचा मार्ग धरला. ख्रिस्ती उत्तर वेगळं होतं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात येशू हाच प्रमुख याजक आणि हाच बळी आहे, आणि ते अर्पण एकदाच, कायमचं झालं आहे. त्यांच्या श्रद्धेनुसार त्याने स्वतःहून प्राण दिले आणि पापाची किंमत देवाने स्वतः सोसली. म्हणजे त्या व्हिडिओतला टोमणा त्यांना लागतच नाही. हा विचार मराठीला नवाही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ सालचं आहे.

आता माझा पहिला आक्षेप. अर्पण कायमचं झालं, तर पुन्हा वेदी आणि याजक कशासाठी? कॅथलिक उत्तर असं की मिस्सा हा नवा बळी नसून तेच अर्पण पुन्हा समोर येतं. ठीक. पण इतिहास पाहा. १२१५च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी याजकापुढे पापकबुली सक्तीची केली. तीनशे वर्षांनी पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती, आणि १५१७मध्ये मार्टिन ल्यूथर उभा राहिला. प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेला माणूस याजकच आहे, असं त्याने १५२०मध्ये लिहिलं. माफीच्या दारावर माणूस बसवला की आज ना उद्या तो दाराचं भाडं मागतो. हे आधी ख्रिस्ती माणसानेच ओळखलं.

दुसरा आक्षेप माफीबद्दलचा. अकराव्या शतकाच्या अखेरीस अन्सेल्मने मांडलं की देवाचा अपमान एवढा अमर्याद आहे की त्याची भरपाई देव-मानवच करू शकतो. पण लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाची गोष्ट आहे. मुलगा परततो, बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. आधी भरपाई कर, असं तो म्हणत नाही. कुरआनचा अल्लाह याच रीतीने ह. आदम (अ.) यांची तौबा स्वीकारतो. मग वारशाने आलेलं पाप उरत नाही. कुणीही दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही, हे तर कुरआन पुन्हा पुन्हा बजावतं.

यावर ख्रिस्ती मित्र विचारेल, "किंमत न मोजता मिळालेली माफी पाप स्वस्त करत नाही का?" प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं की किंमत आहेच, पण ती गुन्हेगारानेच मोजायची. प्रायश्चित्ताच्या हिब्रू शब्दाचा, 'किप्पूर'चा, सख्खा भाऊ म्हणजे आपला 'कफ्फारा'. शपथ मोडली तर सूरह माइदा काय सांगते? दहा गरिबांना जेवू घाला किंवा कपडे द्या किंवा गुलाम मुक्त करा. यातलं काहीच जमत नसेल तर तीन रोजे ठेवा. कफ्फारा वेदीवर चढत नाही, भुकेल्याच्या ताटात पडतो. आणि माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत केल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय तौबा पुरी होत नाही.

माझ्या लेखी वादाचा गाभा इथे आहे. माफीच्या हिशेबात ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस कुठे असतो?

पण हे बोलून टाळ्या घेण्याआधी आपलं घर पाहू. धर्मगुरूंना रब करून बसलेल्यांवर सूरह तौबाने टीका केली आहे. ती फक्त इतरांसाठी आहे का? पैसे घेऊन तावीज देणारा आमिल, मुरिदाच्या जन्नतची हमी घेणारा पीर, हे माफीच्या दारावरचे भाडेकरी नाहीत तर कोण? शफाअत आपण मानतो, पण तीही अल्लाहच्या परवानगीनेच. खुद्द प्रेषितांनी (स.) आपल्या लेकीला, फातिमांना (र.), बजावलं होतं की अल्लाहपुढे मी तुझ्या कामी येऊ शकणार नाही. कुर्बानीचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोहोचत नाही, तकवा पोहोचतो, हे पाठ असूनही बकऱ्याची किंमत सांगणारे रील्स दर ईदला येतातच. बहिणीचा वारसाहक्क दाबून हजला जाणारा भाऊ तर प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. हज करून तिचं शेत तिला परत मिळत नाही.

मित्रांनो, मध्यस्थ नको, दुसऱ्याचा बळी नको, असं ख्रिस्ती मित्राला सांगायचा हक्क आपल्याला आहे. पण तो विचारेल, "मग तुझं देणं तू फेडलंस का?" व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी त्या बहिणीचा सातबारा काढा.