लॅपटॉपचा पहारेकरी आणि भीतीचा बाजार

महाविद्यालयीन वर्षाच्या प्रारंभी कोरपना तालुक्यातील अनेक घरांत एक नवी खरेदी होऊ लागली आहे. कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला काढलेल्या रकमेतून म्हणा, वा गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यातील पगारातून म्हणा, मुलामुलींसाठी लॅपटॉप घेतला जातो. किमतीची घासाघीस संपली, की दुकानदार हमखास विचारतो, "अँटिव्हायरस टाकून देऊ ना?" नकार देण्याचे धैर्य सहसा कोणाला होत नाही. तीस-चाळीस हजारांच्या वस्तूपुढे आणखी हजार रुपये ते काय, असा हिशेब ग्राहक मनाशी करतो आणि प्रश्न तिथेच मिटतो.

वस्तुतः तो तिथे मिटू नये. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की विक्रेत्याला मालाचे गुणदोष ठाऊक असतात व ग्राहकाला नसतात, तेथे बाजार बिघडतो. मात्र जुनी मोटार घेणाऱ्याला निदान महिनाभरात तरी कळते की आपण फसलो. अँटिव्हायरसच्या ग्राहकाला तेही कळत नाही. वर्षभर विषाणू आला नाही, तर तो पहारेकऱ्यामुळे आला नाही की मुळात येणारच नव्हता, हे ठरविणार कोण? अशा मालाची विक्री गुणांवर होत नाही, ती भीतीवर होते.

भीती सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र नव्हे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात 'क्विक हील' उभे केले, त्यावेळी संगणकाला स्वतःचे असे संरक्षण नव्हतेच. ती एक खरी गरज होती आणि मराठी तरुणांनी ती भागविली, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु २०१२च्या विंडोज ८पासून 'डिफेंडर' हा संरक्षक विंडोजमध्येच अंगभूत येतो. म्हणजे अस्सल विंडोजसह लॅपटॉप घेणाऱ्याने पहारेकऱ्याचे पैसे आधीच मोजलेले असतात. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर एखाद्या कंपनीचा संरक्षक काही महिन्यांच्या मुदतीवर बसवलेला असतो, त्यामुळे अंगभूत संरक्षक बाजूला सरतो; मुदत संपताच 'धोका, धोका' असे फलक झळकू लागतात. पाहुण्याला रीतसर काढून टाकले, की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. एवढी साधी गोष्ट विकताना कोणी सांगत नाही.

फुकटच्या मोहाचीही एक बाजू आहे. 'अव्हास्ट' या जगप्रसिद्ध मोफत अँटिव्हायरसने आपल्या वापरकर्त्यांच्या भ्रमंतीची माहिती उपकंपनीमार्फत विकल्याचे २०२० साली उघड झाले. २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याबद्दल तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. मोबदला घेतला गेलाच होता. तो रुपयांत नव्हता, इतकेच.

मग पैसे देऊन संरक्षक घेणे सर्वांनाच अनावश्यक का? येथे आमच्या भागाची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. डिफेंडरची बरीचशी शक्ती इंटरनेटवर अवलंबून आहे. ऑस्ट्रियातील 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज' या संस्थेच्या चाचण्यांत, जोडणी तुटलेली असताना त्याची ओळखण्याची क्षमता स्पष्टपणे घटलेली दिसते. पुण्या-मुंबईत याला फारसे महत्त्व नसेल. पण तालुक्यातील एखाद्या गावात दोन-दोन दिवस नेट नसते आणि काम सारे पेनड्राइव्हवर चालते, तेथे चांगल्या कंपनीचा सशुल्क संरक्षक घेणे शहाणपणाचे ठरू शकते. ज्याच्या घरी जोडणी बऱ्यापैकी आहे, त्या शिक्षकाने वा विद्यार्थ्याने तो खर्च करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तेच पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी ठेवावेत आणि प्रबंध, गुणपत्रके, शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांची प्रत तीवर घेऊन ती एरवी लॅपटॉपपासून सुटी ठेवावी. खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या, तर त्या परत मिळण्याची खात्री कोणताच अँटिव्हायरस देत नाही.

खरा घात होतो तो निराळ्याच ठिकाणी. चोरटे विंडोज टाकून देण्याची प्रथा लहान गावांत रूढ आहे. ते 'चालू' करण्यासाठी जी चोरकिल्ली वापरतात, ती संरक्षक बंद करूनच बसवावी लागते आणि पुष्कळदा तीच विषाणूची वाहक असते. चोराला किल्ली देऊन दारात पहारेकरी नेमण्याचा हा प्रकार आहे! शिवाय अशा यंत्रांवर पुढील सुधारणा बहुधा बंदच ठेवल्या जातात. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' या विषाणूने जगभर हाहाकार उडविला, त्याच्या दोन महिने आधीच मायक्रोसॉफ्टने त्यावरील दुरुस्ती उपलब्ध केली होती. बळी पडली ती प्रामुख्याने दुरुस्ती न केलेली यंत्रे. 'नवाच आहे' म्हणून नूतनीकरण केलेला जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. विंडोज १०चे नियमित मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. यंत्र विंडोज ११ पेलते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आणि तरीही प्रश्न एकट्या ग्राहकाचा उरत नाही. देवीच्या लसीप्रमाणे हाही शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. परीक्षेचा अर्ज असो वा जातीचा दाखला, तालुक्यातील पोरांचे पेनड्राइव्ह शेवटी सेवा केंद्राच्या वा झेरॉक्सच्या दुकानातील त्याच एक-दोन संगणकांत शिरतात. तो संगणक रोगट असेल, तर घरोघरच्या पहारेकऱ्यांचा भार वाढतच राहणार. दुकानदाराचा त्यात तोटा नाही, म्हणून तो खर्च करीत नाही. बाजार हे काम आपण होऊन करणार नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू करून विषाणू काढण्याची साधने मोफत दिली आहेत. पण कोरपन्याच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत ती पोहोचविणार कोण? सेवा केंद्राला परवानगी देताना तेथील विंडोज अस्सल आहे काय, सुधारणा चालू आहेत काय, एवढे दोन प्रश्न तहसील कार्यालयाने विचारले, तरी पुष्कळ काम होईल. तोवर विद्यार्थ्यांनी छपाईची फाइल शक्यतो ईमेलने पाठवावी आणि पेनड्राइव्ह नेणे भागच पडले, तर त्यात तेवढी एकच फाइल ठेवावी.