वाहायची थांबलेली नदी

पूर्वी माणूस डोंगर चढून फोटो काढी. आता पायथ्याशी उभा राहून कॅमेऱ्यालाच वर धाडतो. आइसलँडच्या सहलीत आमच्या वाटाड्याने आम्हां सहाजणांना ड्रोन उडवण्याची हीच विद्या शिकवली. काळ्या लाव्ह्यावर पांढरे बर्फ! वरून पाहावे तो जणू पाटीवर सांडलेली रांगोळी.

पण ‘ओक’ नावाच्या जुन्या ज्वालामुखीवर ड्रोन गेला, तेव्हा पडद्यावर दिसले ते मुखाशी उरलेले बर्फाचे ठिगळ.

“हिमनदी कुठे आहे?” मी विचारले.

“होती,” वाटाड्या म्हणाला.

वाचकहो, आपल्या भाषेत या बर्फाला नदी म्हणतात ते उगीच नव्हे. थर पुरेसा जाड असला, की तो आपल्याच भाराने सरकत राहतो. ओकवरचा थर इतका पातळ झाला, की सरकणेच थांबले. २०१४ साली शास्त्रज्ञांनी तिचे नाव हिमनद्यांतून वगळले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या दगडावर स्मृतिफलक बसला. त्यावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही कोरले आहे: दहा लाखांत ४१५ भाग.

थडग्यावर मरणाचे कारण सहसा कोणी लिहीत नाही. इथे लिहिले आहे.