डिस्क लावली म्हणजे झालं?

जुन्या फियाटला अजून ड्रम ब्रेक ठेवणारा माणूस स्वतःच्या बायकापोरांच्या जिवावर उठलेला असतो, असं एक गृहस्थ सध्या नाशकात सांगत फिरतात. गंगापूर रोडवरच्या एका बैठकीत त्यांनी ते सांगितलं, मग एका साखरपुड्यात जिलेबीचं ताट हातात धरून सांगितलं, आणि त्यांचं ऐकून काही पोरांनी घरच्या पोर्चमध्ये पद्मिनी विटांवर चढवल्याचं आता कानावर आलं. म्हणून हे लिहिणं आलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ड्रम हे बैलगाडीच्या जमान्यातलं तंत्र. डिस्क आली, ड्रम संपला. बाजारात किट मिळतं; नाही मिळालं तर कुर्ल्याच्या भंगारातून दुसऱ्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर आणायचे. पुढची चाकं काढा, ड्रम उतरवा, ब्रॅकेट बसवा, कॅलिपर लावा, एअर काढा. रविवारी सकाळी सुरुवात केली तर जेवायच्या आधी हात धुऊन मोकळे. शिवाय इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तिथे १२० ची वेगमर्यादा. मग तुम्ही आजोबांच्या काळातले ब्रेक घेऊन तिथे जाणार का? आणि याला विरोध करणारे कोण, तर गाडीला हार घालून बसलेले ‘ओरिजिनल’वाले. हे शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले की नाही, सांगता येत नाही. मी मात्र तसंच धरून चाललो आहे.

फुटकळ मुद्दे आधी उरकतो. ड्रम जुना म्हणून टाकाऊ असेल, तर नव्याकोऱ्या छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत तो अजून काय करतोय, हे गृहस्थांनी एकदा वाकून पाहावं. डिस्कही काही कालची नाही. १९५३ साली जॅग्वारने ल मांची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली होती आणि आपल्या गाडीला पद्मिनी हे नाव पडलं १९७४ साली. म्हणजे डिस्क पद्मिनीपेक्षा वयाने मोठीच. राहिली समृद्धी. १०८९ सीसीचं ते इंजिन १२० ला पळवण्याची ज्याला हौस आहे, त्याच्यासाठी ब्रेकआधी दुसऱ्याच कुणाचा तरी सल्ला घ्यावा.

‘ओरिजिनल’चा आरोप मला लागू नाही. किंबहुना त्या कंपूशी माझं जुनं वाकडं आहे. कॉन्टॅक्ट पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं की नाही, यावर एकेकाळी आमच्यात इतकी जुंपली होती की काही जण अजून रस्त्यात भेटले तर पलीकडच्या फुटपाथला जातात. तेव्हा ते म्हणायचे, नटबोल्टसुद्धा बदलायचा नाही. २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यांत चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको असं आहे. ब्रेकचं नाव तिथे घेतलेलं नाही. सरकारला कळतं ते यांना कळेना. असो, त्यांचा समाचार पुन्हा कधीतरी.

आता गंमत अशी, की गृहस्थांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा त्यांना माहीतच नाही, तो मलाच पुरवावा लागतोय. आपण ज्या फियाट ११०० ला डिलाइट, प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी म्हणत २००० सालापर्यंत कुर्ल्यात बनवत राहिलो, तिला इटलीत फियाटनेच १९६६ साली पुढे डिस्क ब्रेक दिले होते. ११०० आर हे ते मॉडेल. आपल्याकडे ते आलं नाही. आपण ड्रमवरच राहिलो. मग झालं तर, असं म्हणाल. नाही झालं. कारखाना डिस्क देतो तेव्हा पॅडलपासून टायरपर्यंत सगळा हिशेब नव्याने मांडतो. आपले गृहस्थ फक्त शेवटचा आकडा बदलून बेरीज तीच ठेवायला निघालेत.

ब्रेक म्हणजे चाकात बसवायची वस्तू, ही त्यांची मूळ समजूत आहे आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्याच्या दिशेने रेटला जाणारा शू एकदा ड्रमला टेकला, की फिरणारा ड्रमच त्याला ओढून आणखी घट्ट करतो. पायाने दिलेला जोर आपोआप वाढतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात, पायाने जेवढं दिलं तेवढंच. म्हणून डिस्कच्या गाडीला सहसा बूस्टर लागतो. बूस्टर चालतो इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर. म्हणजे मॅनिफोल्डला निपल हवं, मध्ये वनवे व्हॉल्व्ह हवा, बूस्टर बसवायला बॉनेटखाली जागा हवी. गृहस्थांच्या त्या रविवारात बूस्टर कुठेच नाही.

पुढे मास्टर सिलिंडर. ड्रमचे व्हील सिलिंडर चिमुकले, त्यांना ऑइल थोडं लागतं. कॅलिपरचा पिस्टन चांगला रुंद, त्याला जास्त लागतं. जुनाच मास्टर ठेवला तर ते ऑइल पुरवायला पॅडल पार खोल जातं. बरं, ड्रमच्या मास्टरमध्ये आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही लाइनीत थोडा दाब राखून ठेवतो. ड्रमला तो हवाच असतो, शूच्या स्प्रिंगा जोरदार असतात. पण डिस्कला परत खेचणारी स्प्रिंग नाही. तोच दाब पॅडला डिस्कवर घासत ठेवतो. द्वारकेहून निघालेली गाडी विल्होळीला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना हात लावून पाहा, म्हणजे, लावू नका.

आणि यातलं सगळ्यांत वाईट तर अजून सांगायचंय. पुढची डिस्क बूस्टरशिवाय नीट धरत नाही, म्हणून चालवणारा पॅडल जोरात दाबतो. लाइनीतला दाब वाढतो. तो दाब मागच्या चाकांनाही जातो, आणि मागे अजून ड्रमच आहेत, आपला जोर आपणच वाढवणारे. परिणाम, मागची चाकं आधी जाम होतात. जूनच्या पहिल्या पावसात, उड्डाणपुलावर वर्षभराचं तेल वर आलेलं असताना, मागची चाकं आधी जाम झालेली गाडी काय करते? शेपूट पुढे आणते. ड्रम असताना सरळ थांबणारी गाडी, पैसे खर्चून, आता गोल फिरते. याला गृहस्थ ‘अपग्रेड’ म्हणतात.

घाटात ड्रम दगा देतो, हा त्यांचा आणखी एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य. ड्रम तापतो, तापला की त्याचा घेर वाढतो, शूपासून लांब जातो आणि पॅडल खाली जातं. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेनेच फुगते. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी जवळजवळ तीनशे मीटर खाली येते. चार माणसांसकट बाराशे किलोची गाडी धरा. हा सगळा उतार ब्रेकवर काढला तर साठच्या वेगावरून वीसेक वेळा गाडी उभी करण्याइतकी उष्णता चाकांत जाते. पण ती ब्रेकवर काढायची कशाला? दुसऱ्या गियरचं काय झालं? इथे एक जुना वाद पुन्हा उकरून काढल्याशिवाय राहवत नाही. घाटात न्यूट्रल करून, काही बहाद्दर तर चावीच बंद करून, पेट्रोल वाचवायचे. मी त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडलो. त्यांच्यापैकी एकाचा आता म्हणे डिस्कला पाठिंबा आहे! साहेब, चावी बंद केली की बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. एकदोनदा दाबण्यापुरता शिल्लक असतो, पुढे तुमचा पाय आणि तुमचं नशीब.

घाटात पॅडल जमिनीला टेकण्याचं दुसरं कारण त्यांच्या भाषणात येतच नाही, कारण त्याची किंमत फार कमी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ उकळायला किमान २०५ अंश लागतात. पाणी प्यायलेलं १४० लाच उकळू शकतं. उकळलं की लाइनीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, चाक दाबलं जात नाही. कॅलिपरमध्ये तर पॅडची उष्णता पिस्टनमधून थेट ऑइलपर्यंत पोचते. म्हणजे जुन्या ऑइलवर नवी डिस्क लावणाऱ्याने घाटातला धोका वाढवून घेतला.

थांबायचं अंतर शेवटी टायर ठरवतात, हे एकाच वाक्यात सांगतो: पॅडल दाबून चारही चाकं जाम करता येत असतील, तर त्या टायरांवर ती गाडी पहिल्या ब्रेकला डिस्कनेही आधी थांबणार नाही, आणि साठला वीस मीटर लागत असतील तर १२० ला ऐंशी लागतील, चाकात काहीही बसवा.

मग घरी करायचं काय? करायचं, जरूर करायचं. ब्रेकचं काम मिस्त्रीनेच करावं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रममधली धूळ सगळ्या गॅरेजभर उडवणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असायचं. घरी ओल्या फडक्याने पुसा. गाडी विटांवर नको, लोखंडी स्टँडवर घ्या. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटाने उचलून पाहा. आतून तपकिरी पाणी ओघळलं तर तो सिलिंडर गेला. टोपणं फुगून लिबलिबीत झाली असतील तर कुणीतरी कधीतरी डबीत इंजिन ऑइल ओतलंय. मग सगळे वॉशर, सगळे होज पाइप नवे घ्या. ड्रम लेथवर सारखे करून आणा, लायनर नवे चिकटवून घ्या. तांब्याच्या साध्या नळ्या वाकवून लाइन करू नका, बंडी पाइपच वापरा.

आणि खरोखर बदल करायचाच तर मास्टर सिलिंडर बदला. जुन्या डिलाइटला एकच सर्किट आहे: एका चाकाचा एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. अमेरिकेत नव्या मोटारींना दोन सर्किटांची सक्ती १९६८ सालीच झाली. पुढच्या चाकांना एक, मागच्यांना एक असा दुहेरी मास्टर, जुन्याच व्यासाचा, बसवला तर अर्धा ब्रेक तरी हाताशी राहतो. पुशरॉडला किंचित मोकळी चाल ठेवायची, नाहीतर ऑइल परत जायचं भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक धरून बसतो. मग घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवून ‘दाब, धर, सोड’ करत लांबच्या चाकापासून एअर काढायची. यात फोटो काढून दाखवण्यासारखं काही नाही, चाकाच्या भोकांतून लाल कॅलिपर चमकत नाही, हे कबूल.

इतकं करूनही कुणाला डिस्क लावायची असेल तर लावावी, बूस्टरसकट आणि मागच्या लाइनीचा दाब आवरणाऱ्या व्हॉल्व्हसकट. फक्त आपल्या गृहस्थांनी पुढच्या साखरपुड्यात, जिलेबी संपायच्या आत, एवढं सांगावं: त्यांच्या त्या रविवारच्या किटला मास्टर सिलिंडर किती व्यासाचा लागतो?