कुपीवरचा चौकोन आणि उन्हाळ्याचा हिशेब

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, वीज वेळीअवेळी जाते आणि लशी थंड राहिल्या का, हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. अशा वेळी फ्रीजमधल्या थर्मामीटरपेक्षा मी कुपीवरची नखाएवढी खूण आधी पाहतो. बाहेर जांभळे वर्तुळ, आत फिकट चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की कुपी बाजूला ठेवायची. या खुणेला ‘व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर’ म्हणतात. १९९६ मध्ये ती तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लशीवर आली, पुढे इतर लशींवरही.

हा चौकोन गडद का होतो, ते समजून घेण्यासारखे आहे. त्यात डायॲसिटिलीन कुळातले रेणू असतात. सुटे असताना ते दृश्य प्रकाश शोषत नाहीत, म्हणून त्यांना रंग नसतो. मात्र स्फटिकात ते शिस्तीत रांग लावून बसलेले असतात. ऊब मिळाली की शेजारचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लांब साखळी तयार होते. या साखळीत एकेरी आणि दुहेरी-तिहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यामुळे इलेक्ट्रॉन एका बंधापुरते न राहता साखळीभर पसरतात आणि साखळी दृश्य प्रकाश शोषू लागते. आपल्याला तो रंग दिसतो. याला संयुग्मी पॉलिमर म्हणतात. स्फटिकात घडणारी ही जोडणी जर्मन रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड वेग्नर यांनी १९६९ मध्ये उलगडून दाखवली. वीजवाहक प्लास्टिकही याच मोठ्या कुटुंबातले. त्यासाठी २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तापमान जितके जास्त तितकी जोडणी वेगात होते, आणि जुळलेली साखळी कुपी पुन्हा फ्रीजमध्ये ठेवल्याने सुटत नाही. थर्मामीटर आताचे तापमान सांगतो. चौकोन कारखान्यापासून आजवर साठलेल्या उष्णतेचा हिशेब सांगतो. दुपारी चार तास वीज गेली आणि संध्याकाळी फ्रीज पुन्हा ४ अंशांवर आला, तर थर्मामीटर निर्दोष दिसेल, चौकोन विसरणार नाही. लस जितकी नाजूक तितका चौकोन चपळ. पोलिओच्या थेंबांवरचा ३७ अंशांत साधारण २ दिवसांत हद्द गाठतो. टिकाऊ लशींवरच्या खुणेला तिथेच ३० दिवस लागतात, आणि ५ अंशांत ४ वर्षांहून अधिक.

पण या खुणेला थंडी कळत नाही, आणि इथे गफलत होते. उन्हाळ्याच्या धास्तीने कोणी पेंटाव्हॅलंट किंवा हेपॅटायटिस ‘बी’ची लस बर्फाला चिकटवून ठेवली आणि ती गोठली, तर तिच्यातल्या ॲल्युमिनियम क्षाराच्या कणांच्या गुठळ्या होतात आणि लस निकामी होते. चौकोन मात्र फिकटच राहतो. तिथे कुपी हलवून गाळ किती लवकर बसतो ते पाहण्याची जुनी परीक्षाच कामी येते. खूण लशीची ताकद मोजत नाही, उष्णता मोजते, हे आमच्या मंडळींनाही अधूनमधून सांगावे लागते.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. बाळाला फुकट मिळणाऱ्या लशीवर हा हिशेब छापलेला असतो. त्याच बाळाची आजी पैसे मोजून आणते त्या इन्सुलिनवर मी अशी खूण पाहिलेली नाही. इन्सुलिनलाही उष्णता बाधते, आणि जास्त तापले की त्याचे रेणू एकत्र येऊन तंतूंच्या गुठळ्या होतात. नितळ इन्सुलिन गढूळ दिसले तर कळते तरी. आमच्याकडचे बरेचसे रुग्ण घेतात ते मिश्र इन्सुलिन मुळातच दुधाळ. कुपी हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे थर चिकटले, तरच शंका येते. साखर वाढलेली दिसली की आपण डोस वाढवतो. औषधच निम्मे झाले असेल, ही शक्यता कोणी विचारत नाही.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे जवळपास तसेच राहते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. फ्रीज नसलेल्या घरात पाण्याच्या माठाशेजारी ठेवलेली कुपी म्हणूनच बऱ्यापैकी सुरक्षित असते. धोका बंद गाडीतला, पत्र्याखालचा आणि दुकानापर्यंतच्या टेम्पोतला, जिथे पारा ४० च्या कितीतरी पुढे जातो आणि कोणी नोंद ठेवत नाही.

प्रत्येक औषधाची सोसण्याची हद्द वेगळी, म्हणून तिच्याशी जुळणारी खूण बसवणे उत्पादकांचे काम आहे आणि ती सक्तीची करणे औषध नियामकांचे. तोवर साखर अकारण वाढलेल्या रुग्णाला मी आहाराआधी दोन गोष्टी विचारतो: कुपी कधी उघडली, आणि दुपारी ती कुठे असते?