कंपाइल करताना कॉम्प्युटर बंद पडतोय? नवा घेण्याआधी हे वाचा!



समजा, तुम्हाला लेझर कटिंगचं छोटं युनिट टाकायचंय. डिझाइनसाठी फ्रीकॅड मोफत मिळतं. घरातल्या दहा-बारा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर तुम्ही लिनक्स टाकलं, फ्रीकॅडचा सोर्स कोड उतरवला आणि कंपाइल करायला लावलं. तासाभरात सगळं बंद! पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग दुकानदार म्हणतो, "नवीन घ्या." मित्र म्हणतो, "फुकटचं असंच असतं, पायरेटेड टाक."

माझं स्पष्ट मत आहे: दोघांचंही ऐकू नका. कंपाइल म्हणजे तुमच्या मशीनची फुकटात होणारी तपासणी आहे. प्रोसेसर आणि रॅम तासन्‌तास पूर्ण ताणावर चालतात, त्यामुळे एरवी मेल बघताना लपून राहणारा दोष इथे उघडा पडतो. कारण कळलं की मगच खिशात हात घाला.

पहिला प्रश्न हा विचारा: दरवेळी एकाच ठिकाणी अडतंय, की वेगवेगळ्या?

१. स्क्रीनवर 'किल्ड' असं येतं. मेमरी संपली. मशीन अडकून पडू नये म्हणून लिनक्सनेच कंपाइलर बंद केला. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' ही नोंद सापडेल. मोठ्या सी प्लस प्लस प्रोजेक्टमध्ये कंपाइलरची एकेक प्रोसेस एक-दोन जीबी सहज खाते. तुम्ही चार जीबीच्या मशीनवर चार कामं एकदम लावली, तर दुसरं काय होणार? 'मेक'च्या 'जे' ऑप्शनमध्ये आकडा १ ठेवा आणि चार जीबीची स्वॅप फाइल जोडा. वेळ लागेल, पण पैसा लागणार नाही.

२. काहीच मेसेज नाही, मशीन गपकन बंद. बहुतेक वेळा उष्णता, नाहीतर थकलेला पॉवर सप्लाय. तापमान बघत कंपाइल करा. आकडा चढत चढत शंभर अंशांजवळ गेला आणि मशीन बंद पडलं, तर कारण सापडलं. फॅनमधली धूळ काढा, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदला. खर्च किरकोळ आहे.

३. 'सेगमेंटेशन फॉल्ट' येतो, तोही दरवेळी वेगळ्या फाइलवर. आता सावध व्हा. कोड तोच, कंपाइलर तोच, मग चूक जागा का बदलते? संशय रॅमवर. काही लिनक्समध्ये जीसीसी कंपाइलर तेच काम पुन्हा करून बघतो आणि चूक परत आली नाही, तर दोष हार्डवेअरचा असावा असं स्वतःच सांगतो. मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकसुद्धा एरर आली तरी 'चालतंय की' म्हणू नका. स्टिक काढा, टोकं रबराने पुसा, एकेक लावून तपासा. खराब निघेल ती बदला. जुन्या मशीनची सेकंडहँड रॅम काही शे रुपयांत मिळते.

आणि दरवेळी त्याच फाइलच्या त्याच ओळीवर अडत असेल, 'किल्ड'ही येत नसेल, तर मशीनला दोष देऊ नका. कोडमध्ये, कंपाइलरमध्ये किंवा एखाद्या लायब्ररीच्या आवृत्तीत घोळ आहे.

तिसऱ्या प्रकारावर मी एवढा जोर का देतोय? कारण रॅम खराब असलेलं मशीन फक्त कंपाइल बिघडवत नाही. त्याच मशीनवर तुमची बिलं, जीएसटीचा हिशेब, ग्राहकाचं ड्रॉइंग असतं. कंपाइलर निदान ओरडून थांबतो. हिशेबाच्या फाइलमधला बदललेला आकडा ओरडत नाही. तो थेट ग्राहकासमोर किंवा सीएसमोर उघडा पडतो. म्हणून दोष मिटेपर्यंत त्या मशीनवर धंद्याचं काम ठेवू नका. फाइल्सची जुनी, चांगली प्रत वेगळ्या जागी जपा.

आता कडू प्रश्न: तुम्हाला कंपाइल करायची गरज होती का? डेबियन १२ च्या भांडारात फ्रीकॅडची ०.२० ही जुनी आवृत्ती आहे आणि १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. नवी हवीशी वाटणं बरोबर आहे. पण तीच ॲपइमेज म्हणून तयार मिळते. डाउनलोड करा, चालवायची परवानगी द्या, कामाला लागा. दोन रात्री कंपाइलमध्ये घालवल्या, तर त्या दोन रात्री एकही सँपल कापलं गेलं नाही. वेळ हेसुद्धा भांडवलच आहे, मित्रांनो!

थोडक्यात सांगतो. आधी तयार फाइल शोधा. नाहीच मिळाली तर कंपाइल करा. पडलं तर मेसेज वहीत लिहून ठेवा आणि वरच्या तीन प्रकारांत बसवा. एवढं करूनही मशीन झेपत नसेल, तर नवीन जरूर घ्या. पण तेव्हा दुकानदाराला काय हवंय ते तुम्ही सांगाल, तो तुम्हाला सांगणार नाही.