उलटा फिरलेला नवस

स्वित्झर्लंड म्हटले की कॅलेंडरवरचे बर्फाचे डोंगर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांतली बरीच शिखरे बर्नीज आल्प्स या एकाच रांगेतली. आयगर (३९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (४१५८ मीटर) हे नामांकित त्रिकूट इथलेच. उंचीचा मान मात्र त्यांच्यामागे दडलेल्या फिन्स्टरआरहॉर्नचा, ४२७४ मीटर!

ही रांग म्हणजे पाण्याची वाटणी करणारा बांध आहे. म्योंख आणि युंगफ्राउ यांच्यामधल्या खिंडीपर्यंत १९१२ सालापासून आगगाडी जाते. ३४५४ मीटरवरचे ते स्थानक युरोपात सर्वांत उंच. खिंडीच्या उत्तरेला पडलेले हिम वितळले की आरे नदीतून ऱ्हाईनला मिळते आणि उत्तर समुद्र गाठते. दक्षिणेला पडलेले हिम ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला जाते. एकाच ढगाच्या दोन लेकी, पण सासरे शेकडो कोस दूर!

दोन्ही अंगांचा स्वभावही निराळा. उत्तरेला ढग अडतात, पाऊस भरपूर, कुरणे हिरवीगार. दक्षिणेचा व्हाले प्रांत डोंगरांच्या आडोशाला पडल्यामुळे कोरडा. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून कड्यांवर लाकडी पन्हळी टांगून डोंगरातले पाणी शेतात आणले. हिमनदी ही त्यांची पाण्याची कोठी. हिवाळ्यात भरायची आणि ऐन उन्हाळ्यात, नड असेल तेव्हा, थोडी थोडी उपसायची. त्यांतली सर्वांत मोठी कोठी म्हणजे अलेच हिमनदी. लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि वरच्या अंगाला, जिथे तिचे प्रवाह एकत्र येतात, तिथे बर्फाचा थर सुमारे ८०० मीटर जाड.

पण या कोठीचे एके काळी लोकांना भय वाटे. सतराव्या शतकात थंडी वाढली आणि हिमनद्या पुढे सरकू लागल्या. अलेचच्या कडेला तुंबलेले मेर्येलेन सरोवर फुटले की खालच्या वस्तीवर पुराचे संकट. अखेर १६७८ साली फीश आणि फीशरताल येथील गावकऱ्यांनी नवस केला: आम्ही सदाचाराने राहू, देवा, हे बर्फ आवर. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली.

देव पावला म्हणावे, तर जरा जास्तच पावला! १८६० च्या सुमारापासून अलेच तीन किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे, आणि अलीकडच्या दशकांतल्या वितळण्यात आपल्या धुराड्यांचा आणि मोटारींचा वाटा मोठा आहे. शेवटी गावकऱ्यांनी पोपकडे नवस बदलण्याची परवानगी मागितली. २०१० साली ती मिळाली. ज्या गावांनी बर्फ हटावे म्हणून हात जोडले, तीच आता बर्फ टिकावे म्हणून जोडतात.

शास्त्रज्ञांचा हिशेब असा की, तापमान असेच चढत राहिले तर या शतकाअखेर अलेचचे थोडे तुकडेच उरतील. मग उन्हाळ्यात पन्हळींत पाणी कुठून यायचे?

त्या जुन्या नवसात मागणे मागण्याआधी स्वतःच्या वागण्याची हमी होती, हे विसरून चालणार नाही. नवस देवाला बोलायचा असला, तरी फेडायचा आपल्यालाच असतो.