चौथा भिडू कशाला?

तारीख १० एप्रिल १९८१. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ‘कोलंबिया’ हे अवकाशयान पहिल्यावहिल्या उड्डाणासाठी तयार उभं होतं. आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन हे अंतराळवीर पट्टे आवळून बसले होते. उलटी मोजणी चालू होती आणि मध्येच थांबली! यानात पाच संगणक होते. त्यांतल्या पाचव्याचा बाकीच्या चौघांशी मेळच बसेना. फरक होता सेकंदाच्या छोट्याशा भागाचा, पण तेवढ्यासाठी त्या दिवशीचं उड्डाण रद्द झालं. कोलंबिया उडालं ते दोन दिवसांनी, १२ एप्रिलला.

तुम्ही म्हणाल, ‘‘पाच संगणक हवेत कशाला? एकच चांगला घ्यायचा की!’’

पण कितीही चांगलं असलं तरी यंत्रच ते, कधी ना कधी बिघडणारच. जमिनीवर बिघडलं तर दुरुस्तीवाल्याला बोलावता येतं. आकाशात कुणाला हाक मारणार? म्हणून तेच काम अनेक संगणकांना द्यायचं, त्यांना एकमेकांशी जोडायचं आणि सगळ्यांची उत्तरं ताडून पाहायची. एक बंद पडला तर बाकीचे काम पुढे नेतात.

खरी पंचाईत बंद पडणाऱ्याची नसतेच, बरं का! तुमच्या कबड्डीच्या संघातला एखादा खेळाडू तापानं झोपला, तर ते सगळ्यांना कळतं. पण एखादा कर्णधाराला एक सांगू लागला आणि तुम्हाला दुसरंच, तर? बिघडलेला संगणक कधीकधी असाच वागतो. एका जोडीदाराला कळवतो, ‘विमान वर चाललंय’ आणि दुसऱ्याला, ‘खाली चाललंय’. तो काही लबाड नसतो. त्याच्याकडून निघालेला संदेश कमजोर असतो, इतकंच. मग एकाला त्यात ० दिसतो, तर दुसऱ्याला १. पण अशा वेळी विमानातल्या माणसांचे प्राण पणाला लागतात.

१९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संस्थेत नासासाठी अशाच विमानी संगणकांवर काम चाललं होतं. तिथल्या लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ या तिघांनी हे कोडं सोडवलं आणि १९८२मध्ये ते चक्क एका गोष्टीच्या रूपात मांडलं. गोष्टीत आधी अल्बेनिया देशाचे सेनापती घ्यायचं ठरत होतं. पण अल्बेनियाच्या लोकांना राग आला तर? मग त्यांनी बायझंटाइन साम्राज्याचे सेनापती घेतले. ते साम्राज्य १४५३मध्येच बुडालेलं, त्यामुळे रागवायला कुणी उरलंच नव्हतं!

गोष्ट अशी. सैन्यानं एका शहराला वेढा घातलाय. सेनापती वेगवेगळ्या छावण्यांत आहेत आणि निरोप फक्त जासुदांकरवी जातात. सगळ्यांनी एकदम हल्ला केला तर विजय. सगळ्यांनी माघार घेतली तरी सैन्य वाचेल. पण अर्ध्यांनी हल्ला केला आणि अर्धे मागे फिरले, तर मात्र सत्यानाश. त्यातून एखादा सेनापती फितूर असला तर काय करायचं?

समजा, सेनापती तीनच आहेत. मोठ्या सेनापतीचा निरोप तुम्हाला आला, ‘हल्ला’. तुमचा साथीदार मात्र सांगतो, ‘मला तर माघार म्हणून कळवलंय’. आता फितूर कोण? मोठा सेनापती की साथीदार? कितीही डोकं खाजवलंत तरी कळणार नाही. दोन्ही बाजूंनी गोष्ट अगदी सारखीच दिसते.

आता एक भिडू वाढवा. मोठा एक आणि साथीदार तीन. तिघांनी आपापला निरोप एकमेकांना सांगायचा आणि बहुमतानं वागायचं. मोठा प्रामाणिक असून एक साथीदार खोटं बोलला, तर तुमच्याकडे ‘हल्ला, हल्ला, माघार’ असे निरोप जमतील. म्हणजे हल्ला! मोठाच फितूर असला आणि त्यानं दोघांना ‘हल्ला’ व तिसऱ्याला ‘माघार’ सांगितलं, तरी तिघांकडे तीच यादी जमते आणि तिघंही एकच निर्णय घेतात. फितूर कोण ते कळलं नाही तरी सैन्य वाचलं!

यातून नियम निघाला. फितूर एक असेल तर एकूण चार जण हवेत, दोन असतील तर सात. फितुरांची तिप्पट अधिक एक. आहे ना गंमत?

आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक निरोपावर नक्कल करता येणार नाही अशी सही असेल, तर तिघांतही काम भागतं. ‘हल्ला’ आणि ‘माघार’ अशा दोन चिठ्ठ्यांवर मोठ्याचीच सही सापडली की त्याची चोरी उघडी पडते. आज इंटरनेटवर अनोळखी लोकांचे संगणक एकमेकांशी बोलतात. तिथे कुणी मुद्दामही खोटं बोलू शकतो. म्हणून तिथे आकड्यांची डिजिटल सही वापरतात.

आता राहिला कोलंबियाचा पाचवा संगणक. पहिल्या चौघांत आयबीएम कंपनीनं लिहिलेला एकच प्रोग्राम होता. चार मुलांनी एकाच वहीतून उत्तर उतरवलं, तर चौघांचं एकमत होणारच; पण वहीत चूक असेल तर चौघंही चुकणार. तिथे बहुमत काय कामाचं? म्हणून पाचव्याचा उड्डाणाचा प्रोग्राम रॉकवेल या दुसऱ्या कंपनीकडून वेगळा लिहून घेतला होता. २०११मध्ये अशा यानांची उड्डाणं थांबली. तोपर्यंत उड्डाणात एकदाही त्याच्या हाती सूत्रं द्यावी लागली नाहीत. तरीही प्रत्येक वेळी तो सोबत होताच.

आता एक काम करा. चार जण जमवा, चिठ्ठ्या घ्या आणि सेनापतींचा खेळ खेळून पाहा. फितूर कोण, हे गुपचूप ठरवा. आईबाबांनाही खेळायला घ्या! आणि सांगा पाहू, दहा जणांच्या खेळात जास्तीत जास्त किती फितूर चालतील? उत्तर याच पानावर दडलंय. शोधा!